शेषरावनं गाडी बसकी केली

अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात शेषरावची डॉज गाडी माहीत नाही असा माणूस शोधायचा झाला, तर तो त्याच सकाळी जन्मलेला असावा लागेल! लढाई संपली, मिलिटरीनं जुन्या गाड्या मोडीत काढल्या, आणि मिलिटरीतच ड्रायव्हर असलेल्या शेषरावनं त्यातली ही एक उचलून दर्यापूर-अमरावती टॅक्सी सुरू केली. गाडी तशी पाच माणसांची. पण वऱ्हाडात पाच माणसं बसली म्हणजे गाडी भरली असं कोणी म्हणत नाही. 'लय जागा हाये' म्हणतात, आणि सहावा आत पाय टाकतो. म्हणून शेषरावनं गाडीचे मूळचे पाटे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे जुडगे, काढले आणि मिलिटरीच्याच एका ट्रकचे जाडजूड पाटे मागं बसवले, पुढं दांडग्या उंच स्प्रिंगा घातल्या. झालं! गाडी खळ्यावरच्या मस्तवाल बैलासारखी उभी राहिली. बारा माणसं, दोन बकऱ्या, टपावर कापसाचं बोचकं, तरी तिची कुरकूर नाही. छप्पन्न सालच्या दसऱ्याला दीक्षेसाठी नागपूरला जाताना तर आत किती माणसं होती हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, कारण काही माणसं मांडीवर होती आणि काही मांडीवरच्यांच्या मांडीवर.

पण दिवस काही कुणाला बांधील नसतात. त्या रस्त्यांवरून एसटी धावायला लागली. तिचं तिकीट, तिची वेळ, तिची घंटी. हळूहळू लोक तिकडे वळले, आणि डॉज रिकामी फिरू लागली. आता भरल्या गाडीखाली जे पाटे गुणी, तेच रिकाम्या गाडीखाली नुसते आडदांड. वजनच नाही तर ते दबणार कशाला? बैलगाडीच्या चाकोरीवरून चाक गेलं की गाडी टुणकन उडायची, शेषरावचं डोकं टपाला लागायचं, आणि तो 'बाप्पा!' म्हणून डोकं चोळत बाजूला बघायचा. बाजूला कोणी नसायचं. असलं काही झालं की माणसाला हसायला एक सोबत लागते. एकट्यानं डोकं आपटून घेतलं तर ते फक्त दुखतं.

घरीही तेच. बायको पंचफुला दोन वर्षांमागे तापानं गेली. एकुलती पोरगी शकुन, तिचं लग्न अकोल्याला झालं. जावई देवमन गिरणीत कामाला, माणूस चांगला. आणि आता शकुनला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच आहे. शेषरावनं ती रीत अशी धरून ठेवली होती जशी बुडणारा माणूस काठावरचं गवत धरतो. पोरगी येईल, चूल पेटेल, घरात कोणीतरी रडेल, त्याला कोणीतरी 'उगी उगी' म्हणेल. ओसरीत बसून तो हे सगळं आधीच ऐकत असायचा.

म्हणून तो पोरीला मागायला अकोल्याला गेला. तिथल्या अकोट फैल वस्तीत व्याह्यांच्या घरात नऊ माणसं, आणि त्या नवांची पाटलीण म्हणजे शकुनची सासू गंगूबाई. बाई अशी ऐसपैस की खाटेवर बसली की खाट आधी विचार करायची.

"पाठवतो ना," गंगूबाई म्हणाली. "काऊन नाही पाठवत? पण तुमच्या त्या गाडीत नाही, इवाई. ते काय गाडी हाये? ते तं वावरातलं उड्या मारणारं हरण हाये."

"हळू चालवतो, इहीनबाई."

"हळू उडन, पण उडनच! मागच्या खेपेले माही कंबर आठ दिवस माह्यासंग बोलत नव्हती."

"मंग रेल्वेनं नेतो."

"अन् बडनेऱ्याले गाडी बदलाची, थो पूल चढाचा, पोट धरून? नाही बाप्पा. गाडी उसळत नसन तं पाठवतो. नाही तं पोरगी इथंच बाळंत होइन."

शकुन दारात उभी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सासूपुढं सुनेनं काय बोलायचं, असं म्हणून शेषराव उठला.

परत येताना मूर्तिजापूरपर्यंत त्याचं डोकं चार वेळा टपाला लागलं असेल, पण या खेपेला त्याला दुखलं नाही. त्याला उपाय सापडला होता! गाडीचे मूळचे पाटे आणि स्प्रिंगा, जे त्यानं इतक्या वर्षांमागे काढले, ते टाकले कुठं होते? माळ्यावर होते. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून. पाच माणसांपुरते, आखूड आणि मऊ. ते परत बसवले की गाडी बसकी होणार, उसळणं थांबणार, आणि शकुन घरी येणार. इतकं सरळ.

दुसऱ्याच दिवशी त्यानं अंगणात मांडामांड केली. गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतून ठेवलं होतं. मागून जॅक लावला, गाडी उचलली, सांगाड्याखाली रुळांचे जुने लाकडी स्लीपर रचले आणि चाकं काढली. पाट्यांना आसाशी आवळून धरणारे बोल्ट पान्यानं फिरेनात, तेव्हा पान्याच्या दांड्यावर नळी चढवून तो तिच्यावर अख्खा उभा राहिला. दोन्ही हात पसरून, तोल सावरत. डोंबारीच! कुर्रर्र करून नट हलला, आणि शेषराव खाली आला.

"टाळ्या वाजवू का?" कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला.

ती केशरबाई. शेजारची. पंचफुलाची जिवाभावाची मैत्रीण, पाच पोरांची आई, आणि फ्रेझरपुऱ्यातलं एकमेव वर्तमानपत्र. भिंतीला कोपर टेकवून ती अर्धी सकाळ तिथंच असायची.

"भाऊजी, सकाळच्यान काय करून राहिले?"

"गाडी खाली आणून राहिलो."

"खाली आणाले तिले वर कायले केलं?"

शेषरावनं ट्रकचा पाटा ओढून बाहेर काढला आणि माळ्यावरचा जुना पाटा त्याच्या शेजारी ठेवला. एक पैलवानाच्या मांडीसारखा, आठ पट्ट्या एकावर एक. दुसरा बारका, पाचच पट्ट्या, आणि कमान इतकी कमी की जणू शाळेत मास्तरांसमोर मान खाली घातलेली.

"आता गं माय," केशरबाई म्हणाली, "हे एवढंसं? ह्याच्यावर गाडी उभी राहते?"

"पाच माणसाची राहते. थो मोठा बारा माणसासाठी होता. बारा बसले तं दबते, मंग गाडी मऊ चालते. कोणीच नसलं तं दबतच नाही, दगडासारखा राहते. समजलं?"

"समजलं," केशरबाई म्हणाली. मग जरा थांबून, "पण मंग पुन्हा बारा आले तं?"

शेषराव हातोडीनं पिन ठोकायला लागला. ठोकताना ऐकू येत नाही, ही एक सोय असते.

मागचं काम दुपारपर्यंत झालं. पुढचं मात्र वेगळं. पुढं पट्ट्या नाहीत, वेटोळ्याच्या स्प्रिंगा, आणि उंच स्प्रिंग कमी जागेत बसलेली म्हणजे दाबून ठेवलेलं भांडण. खालचा दांडा सोडला आणि ती एकदम सुटली, तर माणसाचं मुंडकं घेऊन शेजारच्या अंगणात जाईल. म्हणून तिला साखळदंडानं बांधायचं, दांड्याखाली जॅक लावायचा, आणि जॅक बोटबोट खाली सोडायचा. मिलिटरीत हे काम दोघांचं. एक जॅकवर, दुसरा स्प्रिंगेवर नजर ठेवून.

शेषराव गाडीखाली पाठीवर झोपला. साखळी बांधली. बोल्ट काढला. डोळा स्प्रिंगेवर लावला, आणि अगदी सवयीनं, काही एक विचार न करता, म्हणाला,

"हळू सोड, पंचफुले."

जॅक हलला नाही.

"सोड ना. हळू."

आणि मग त्याला कळलं. तो तसाच पडून राहिला. वर गाडीचं तेलकट पोट, त्याला चिकटलेली काळी माती, दर्यापूरची असेल, नाहीतर अचलपूरची. सगळ्या रस्त्यांची माती तिथं होती. दूर कुठं तरी कोंबडी ओरडत होती. अशी कितीतरी वर्षं पंचफुलानं जॅक सोडला होता. भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दांडा धरायची आणि 'झालं का वो, तवा तापला' म्हणायची.

भिंतीवर केशरबाई होतीच. तिनं ऐकलं होतं. मग भिंतीवरून ती दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळानं शेषरावला गाडीखालून तिचे पाय दिसले. ती जॅकजवळ येऊन बसली.

"कुणीकून फिरवू, ते सांगा."

"डावीकडं. हळू. एकदम नाही."

"मले शिकवू नका. पाच पोरं हळूच वाढवली मी."

पहिली दोन बोटं तिनं खरंच हळू सोडली. तिसऱ्याला काय झालं देव जाणे! जॅक सर्रकन खाली आला, साखळीचा आकडा सरळ झाला, आणि धडाम! स्प्रिंग उडाली. शेषरावच्या कानावरून गेली, अंगणात दोन टप्पे घेतले आणि पाण्याच्या रांजणात अशी शिरली की रांजण राहिलाच नाही. नुसतं पाणी राहिलं, अंगणभर.

शेषराव गाडीखालून बाहेर आला तो चिखलात नखशिखांत.

"मी हळूच सोडलं होतं," केशरबाई ठणकावून म्हणाली. "तुमची स्प्रिंगच उतावीळ हाये!"

आणि काय सांगू, शेषराव हसला. आधी नाकातून, मग पोटातून. केशरबाईही पदर तोंडाला लावून हसली. दोघं चिखलात उभे राहून हसले, आणि मग एकाच वेळी थांबले, कारण दोघांनाही ठाऊक होतं की या हसण्यात तिसरं माणूस असायला हवं होतं.

दुसरी बाजू नीट झाली. चाकं चढवली, स्लीपर काढले, जॅक सोडला. डॉज खाली आली. खाली, आणखी खाली, अंड्यांवर कोंबडी बसते तशी. मोहल्ल्यातली पोरं धावत आली आणि नाचायला लागली, 'काकाची गाडी बुटकी झाली! बुटकी झाली!' शेषरावनं बोनेटवर दोन्ही हात टेकून दाबलं. गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

टॅक्सी स्टँडवर मात्र टिंगलच टिंगल! नत्थुजी म्हणून एक ड्रायव्हर होता, त्याच्याकडे अजून धामणगावच्या बाजूची सवारी होती. तो गाडीभोवती एक फेरा मारून म्हणाला, "काय गा शेषराव, गाडीनं बैठक मारली वाटते! आता बारा माणसं कुठं भरशील?"

"मले बारा नाही पाहिजेत. एक आणाचं हाये."

"अन् ते मोठाले पाटे?"

"घेऊन जा," शेषराव म्हणाला. "मले आता कायले लागतात?"

नत्थुजीला वाटलं तो थट्टा करतोय. पण शेषरावनं खरंच त्याच संध्याकाळी पाटे आणि स्प्रिंगा त्याच्या दारात नेऊन टाकल्या. पुन्हा कधी गर्दी भरायची नाही, असं त्यानं तोंडानं कुणाला सांगितलं नाही. पाटेच देऊन टाकले.

केशरबाईनं मधली खोली सारवून दिली. वरच्या आड्याला पाळण्यासाठी दोर बांधला. आणि शेषराव अकोल्याला निघाला. काय गाडी चालली म्हणता! बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर मागे पडलं, बोरगावच्या खड्ड्यांतून ती अशी गेली की जणू ताकातून रवी फिरावी. शेषराव मोठ्यानं गाणं म्हणत होता. सुरात नव्हतं, पण ऐकायला होतंच कोण?

गंगूबाई दारात उभी. तिनं गाडी पाहिली, खाली वाकून चाकं पाहिली, आणि आत गेली. बाहेर आली ती पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडवा घेऊन.

"असं कसं मानू? मी मागं बसतो, हा गडवा मांडीवर धरतो. रेल्वेच्या फाटकापर्यंत न्या अन् आणा. थेंब सांडला तं पोरगी पाठवत नाही. सांगून ठेवतो."

अकोट फैलात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. ओट्यांवर बाया, झाडावर पोरं! गंगूबाई बसली तेव्हा डॉज मागून एवढी खाली गेली की शेषरावचा जीवही खाली गेला. पण मडगार्ड चाकाला लागलं नाही. तो निघाला. मोरीवरचा उंचवटा पार. उकिरड्यामागचा खड्डा पार. रेल्वेचं फाटक आलं, आडवे चार रूळ! शेषरावनं श्वास धरला, गंगूबाईनं डोळे मिटले. पहिला रूळ, दुसरा, तिसरा, चौथा. आणि गाडी वळवून पुन्हा तेच चारही.

घरासमोर गाडी थांबली. गंगूबाईनं गडवा वर उचलून दाखवला. लुगडं कोरडं! सगळ्या फैलात कल्ला झाला. कुणी तरी शिट्टी मारली. शेषराव गाडीतून उतरला तेव्हा कधी नव्हे तो छाती काढून उभा होता, नवऱ्या मुलासारखा.

फक्त गंगूबाई हसली नाही. तिनं दाराकडे पाहिलं. दारात शकुन होती. दोघींची नजरानजर झाली, आणि शकुन आत निघून गेली.

कपडे बांधायला गेली असेल, शेषरावला वाटलं.

जेवणं झाली. पुरुष माणसं पाळीवर गेली, पोरं शाळेत गेली. गंगूबाईनं निंबाखाली खाट टाकली आणि शेषरावला समोर बसवलं. ती सुपारी कातरायला लागली. पहिली खांडं तिनं त्याच्या हातावर ठेवली.

"इवाई, मले गोल गोल बोलता येत नाही. तुमी रागावू नका."

"बोला ना."

"गाडी उसळते, हे माह्या मनचं नव्हतं. मले काय, मी बैलगाडीत बाळंत झाली. शकुननं म्हणाले लावलं."

शेषरावनं ऐकलं, पण ते कानातच राहिलं. आत गेलं नाही.

"तिनं माह्या पाया पडून सांगतलं, 'आत्याबाई, मले तिथं नका पाठवू, पण बाबाले असं नका सांगू. काही तरी निमित्त काढा.' मंग मी गाडीवर ढकललं. मले वाटलं, थे गाडी तं काही सुधरत नाही. आता तुमी सुधरवून आले! गडवा मी काऊन एवढा भरला? सांडावा म्हणून भरला. मेला सांडलाच नाही."

"तिथं काय हाये घाबराले? केशरबाई हाये बाजूले. मी हाये."

"तुमी हाये," गंगूबाई म्हणाली, अगदी मऊ आवाजात. तिच्याकडे असा आवाज आहे हे शेषरावला ठाऊक नव्हतं. "इथं पायजा, नऊ माणसं. झोपाले पाय लांब कराची सोय नाही. कोणी घोरते, कोणी भांडते. मी तिले म्हटलं, पोरी, तुले जाच होत असन. तं म्हणते, नाही आत्याबाई, मले हेच गोड लागते. लहानपणी माय मजुरीले जाये, बाबा गाडीवर. दिवसभर घरात एकटी. दिवे लागले तरी उंबऱ्यात बसून रस्ता पाये, म्हणते. त्या घरातली खोली तिले अजून सपनात येते. अन् तिथं पोटातलं घेऊन जाचं म्हणते, तं रातभर रडते."

शेषराव निंबाच्या मुळाकडे बघत राहिला. गाडी भरलेली असायची तेव्हा. बारा माणसं, त्यांचे हास्यविनोद, त्यांच्या तंबाखूचा वास, 'शेषरावदादा, जरा दमानं' म्हणणाऱ्या बाया. घरी उशिरा आलं तरी अंगाला गर्दीची ऊब असायची. उंबऱ्यात पोरगी बसलेली दिसायची, हे खरं. त्याला वाटायचं, बापाची वाट पाहते. आणि त्याला बरं वाटायचं.

"मी सांगतो तिले," गंगूबाई म्हणाली. "तुमाले माहीत झालं म्हणून सांगतो, अन् ठेवून घेतो."

"नको," शेषराव म्हणाला. "तिले काही नका सांगू."

"मंग?"

"येते का ते पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुन तयार होती. बोचकं बांधलेलं, केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. ते हसू तिनं इतक्या घट्ट बसवलं होतं की गालांना दुखत असेल. गंगूबाईनं तिची ओटी भरली, देवमननं बोचकं मागं ठेवलं, जयभीम झाला. लहान पोरं फाटकापर्यंत गाडीमागे पळत आली.

"बाबा, गाडी किती मऊ केली!" शकुन म्हणाली. "कशी केली?"

"पाटे बदलले."

"एकट्यानं?"

"केशरबाईनं मदत केली. रांजण फोडला."

शकुन हसली, आणि मग बोलायलाच लागली. केशरमावशीची पोरं कशी आहेत, विहिरीचं पाणी कसं आहे, नत्थुजीकाका अजून तसेच का, आपल्याकडे ती पाटीवाली येते का गाजरं घेऊन. एकामागून एक, मधे श्वास न घेता. शहर मागे पडलं. दोन्हीकडे काळी वावरं, कापूस वेचून झालेला, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. पुढं पुढं तिच्या बोलण्यात फटी पडायला लागल्या. दोन वाक्यांमध्ये एक शेत, मग दोन शेतं. मग ती गप्पच झाली. शेषरावनं आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि दोन्ही हातांनी पोट असं धरून होती, जसं गर्दीत कुणी गाठोडं धरतं. इथं तर गर्दी नव्हती. गाडीत दोघंच होते, आणि बाहेर कोणीच नव्हतं.

बोरगाव यायच्या आधी त्यानं गाडी बाजूला घेतली.

"काय झालं, बाबा?"

"मागून आवाज येऊन राहिला."

तो उतरला. गाडीमागे गेला, खाली वाकला. त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेले पाटे, बोल्ट कसे घट्ट, पट्ट्या कशा एकावर एक चपखल! इतकं चांगलं काम त्यानं मिलिटरीतही केलं नव्हतं. तो थोडा वेळ तिथंच उकिडवा बसून राहिला. हाताला थोडी माती लावून घेतली आणि परत आला.

"पाटा खचला. उजवीकडचा. पुढं रस्ता लय खराब हाये, गाडी उसळन."

"मले तं काही वाजलेलं ऐकू नाही आलं."

"गाडी तू चालवतं का मी? तुले काय कळते त्याच्यातलं. जुना पाटा, माळ्यावर पडून पडून गंजला असन. माहीच चूक झाली. तुले अशात नेणं बरं नाही. परत सोडून देतो."

शकुननं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत प्रश्न आला, आणि मग तो गेला. तिला कळलं की नाही, हे शेषरावला कळलं नाही. पण तिचे खांदे खाली आले. पोटावरचे हात सुटले. ते त्याला दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं, असंही त्याला वाटलं.

गाडी वळली. येताना ती जशी मऊ चालली होती, तशीच जातानाही चालली. खोटं बोलणाऱ्या माणसानं निदान एखादा खड्डा तरी गाठावा! पण पोरगी मागं होती. शेषराव सगळे खड्डे चुकवत गेला. थोड्या वेळानं त्यानं आरशात पाहिलं तर शकुन सीटवर डोकं टेकून झोपली होती. तोंड जरासं उघडं, लहानपणी झोपायची तशी. त्यानं वेग आणखी कमी केला. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून शिव्या घातल्या आणि पुढं निघून गेला.

दारात गंगूबाई धावत आली. काय झालं, कसं झालं? शेषरावनं पाट्याची गोष्ट सांगितली. तिनं ती गंभीर चेहऱ्यानं ऐकली, "आमी म्हटलंच होतं" असं मोठ्यानं म्हणाली, आणि बोचकं स्वतः उचलून आत नेलं.

शकुन गाडीजवळ थांबली.

"बाबा, मंग तुमीच या ना. बाळंतपणाच्या टायमाले."

"मी येऊन काय करू? बाप्या माणसाचं काय काम तिथं?"

"ओसरीत बसा."

"पाहू."

"पाहू नाही. या."

"गाडी दुरुस्त झाली की येतो," शेषराव म्हणाला, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घाईनं वळला.

अमरावतीला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. केशरबाई भिंतीवरच होती. ती गाडीत वाकून वाकून बघायला लागली. पुढची सीट, मागची सीट.

"शकुन कुठं हाये?"

"नाही आणलं."

"काऊन?"

"पाटा खचला. बोरगावपासून परत नेऊन सोडलं."

केशरबाई एवढी चिडली, एवढी चिडली की विचारू नका. खोली सारवली होती तिनं, डिंकाचे लाडू वळायला गूळ आणला होता. "मिलिटरीतला ड्रायव्हर म्हणे! एक पाटा नाही बसवता येत? एवढी मेहनत, माहा रांजण..."

"रांजण माहा होता."

"फोडला तं मी! अन् त्याचं फळ हे? सांगतो आता साऱ्या मोहल्ल्याले. शेषरावच्या हातात काही राहिलं नाही म्हणून सांगतो!"

आणि तिनं सांगितलंही. दिवे लागायच्या आत फ्रेझरपुऱ्यात सगळ्यांना कळलं की शेषरावला पाटे बसवता आले नाहीत, पोरीला अर्ध्या रस्त्यातून परत न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर नत्थुजी म्हणाला, "मले बोलवाचं ना गा." शेषराव म्हणाला, "होय, चुकलंच." तो रोज येत राहिला, रांगेत शेवटी गाडी लावत राहिला, आणि कुणी पाट्याबद्दल विचारलं की नवीन काही तरी सांगत राहिला. कधी पट्टी तुटली म्हणायचा, कधी पिन झिजली म्हणायचा.

गाडी तशीच होती. सवारी मिळायची कधी एक, कधी तीही नाही. परतीला तो मुद्दाम चाकोरीवरून चाक घालायचा. डॉज खाली दबायची, सावकाश वर यायची. डोकं टपाला लागायचं नाही. शेषराव दोन्ही हात चाकावर ठेवून सरळ पुढे बघत गाडी चालवायचा, आणि अकोल्याहून कुणी बाळंतपणाचा निरोप घेऊन ओसरीत थांबलं असलं तर त्याला कळावं म्हणून घराच्या वळणावर रोज थोडा हॉर्न वाजवायचा.